द्रवस्फटिक पटलावरील गतिजन्य अस्पष्टता व तिची अनुकृती : एक ऐतिहासिक विचार

वाशीमच्या प्राचीन इतिहासाचा विचार करू लागताच वत्सगुल्माचे नाव पुढे येते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. विंध्यशक्ती द्वितीय याचा, काही भाग संस्कृत व काही भाग प्राकृत असलेला ताम्रपट 1939 साली येथेच उजेडात आला. आणि याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्याच काळातील सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा चित्रित केलेली आहे. तीत एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुनःपुन्हा दिसतो : येथे निरोप घेताना, थोड्या अंतरावर रथातून जाताना, पुढे अरण्यात. चित्र अचल आहे; गती उत्पन्न होते ती पाहणाऱ्याच्या पावलांनी व त्याच्या फिरत्या दृष्टीने. चित्रकाराने हे गृहीत धरूनच भिंतीची मांडणी केली असावी.

आधुनिक पडद्याची स्थिती वरकरणी याच्या उलट दिसते. येथे चित्र चालते आणि पाहणारा बसून राहतो. तथापि त्याचा डोळा बसून राहत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय बऱ्याच अंशी या एका गोष्टीतून निघतो. पडद्यावरून धावणाऱ्या वस्तूच्या कडा पुसट का दिसतात, हा प्रश्न सामान्यतः पदार्थविज्ञानाचा किंवा कारखानदारीचा मानला जातो. त्याला इतिहासाचीही एक बाजू आहे. भूतकाळातील चलत्प्रतिमा आज पाहताना आपण त्या काळच्या प्रेक्षकाने पाहिले तेच पाहतो काय, हा तो प्रश्न होय.

उदाहरण घरचेच घेता येईल. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवरून 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या कालावधीत दर रविवारी सकाळी दाखविण्यात आली. तिचे चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेलगत, गुजरातेतील उमरगाव येथे झाले होते. त्या वेळी आजचा वाशीम जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे सारे तालुके तेव्हा अकोल्यातच मोडत. अन्य प्रांतांप्रमाणेच येथेही ज्यांच्या घरी संच असे त्यांच्या ओसरीवर आळी गोळा होई. संच बहुधा कृष्णधवल, छपरावर अँटेना, वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत आणि कोणा मुलाला वर चढवून ती फिरवावी लागे. पुढे 28 मार्च 2020 पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने हीच मालिका पुन्हा दाखविली. या वेळी ती पाहणाऱ्या घरांपैकी फार मोठ्या भागात भिंतीवर सपाट पटल होते, किंवा हातात भ्रमणध्वनी होता.

मालिका तीच, दृश्ये तीच, संवाद तेच. परंतु आकाशातून एकमेकांवर येणारे बाण, ज्यांची 1987 साली आबालवृद्धांना मोठी मोहिनी होती, ते दोन्ही वेळी सारखे दिसले नाहीत. जुन्या संचावर चित्र लहान होते, मुंग्यांनी भरलेले होते, तरी धावता बाण तुटक पण रेखीव असे. नव्या पटलावर चित्र मोठे व स्वच्छ, परंतु बाणाला एक फिकट शेपूट. क्वचित त्याच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या विस्कटलेल्या. पुष्कळांनी याचे कारण ‘जुने चित्रीकरण’ असे मानले. ते पूर्णपणे खरे नाही. दोषाचा मोठा भाग नव्या पडद्याचा होता.

याचे स्पष्टीकरण करण्यापूर्वी जुन्या चित्रनलिकेचे कार्य थोडक्यात पाहिले पाहिजे. भारतात स्वीकारलेल्या पद्धतीत चित्र 625 ओळींचे असे व सेकंदाला 25 पूर्ण चित्रे पाठविली जात. मात्र प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई : प्रथम विषम ओळी, मग सम. म्हणून पडदा सेकंदाला 50 वेळा उजळे. इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील लेपावर एकेक बिंदू उजळीत जाई आणि तो बिंदू एक-दोन मिलीसेकंदांतच मावळे. पुढचा हप्ता येईपर्यंतचे उरलेले अठरा-एकोणीस मिलीसेकंद त्या जागी वस्तुतः काळोख असे. प्रेक्षक ज्याला अखंड चित्र समजे ते बव्हंशी काळोखाचे बनलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही. चित्रपटगृहातही हेच तत्त्व होते. फीत सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने सरके, आणि सरकताना दिसू नये म्हणून फिरती झडप प्रकाश अडवी. लुकलुक जाणवू नये म्हणून ती झडप प्रत्येक चौकट दोनदा किंवा तीनदा दाखवी. 1892 च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या ‘शांबरिक खरोलिके’त काचेवर रंगविलेल्या आकृती दिव्याच्या उजेडात एकामागून एक दाखवून त्यांना चालते-बोलते केले, तेव्हापासून दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत आणि तेथून घरोघरच्या चित्रनलिकेपर्यंत, महाराष्ट्राने पाहिलेल्या बहुतेक चलत्प्रतिमा खंडित प्रकाशाच्या होत्या.

द्रवस्फटिक पटलाने ही परंपरा मोडली. या पदार्थाची कुळकथा मनोरंजक आहे. 1888 साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनित्झर गाजरातून मिळालेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचा अभ्यास करीत होता. तो पदार्थ 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव होई आणि 178.5 अंशांना पुन्हा एकदा ‘वितळून’ स्वच्छ होई. एकाच पदार्थाला दोन द्रवणांक असणे तत्कालीन समजुतीस धरून नव्हते. त्याने नमुने जर्मन पदार्थविज्ञ ओटो लेमान याच्याकडे पाठविले. हा गढूळ द्रव वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा, हे लेमानच्या ध्यानात आले, आणि ‘द्रवस्फटिक’ ही संज्ञा रूढ झाली. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे हा विषय प्रयोगशाळेतील एक कुतूहल म्हणून राहिला. 1968 साली अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर व त्याच्या सहकाऱ्यांनी विजेच्या दाबाने चालणारे पहिले दर्शक जाहीर केले. 1970 च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये शाट व हेल्फ्रिश यांनी मळसूत्री रचनेच्या पटलाचे एकाधिकारपत्र मागितले. आणि ब्रिटनमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे याने सामान्य तापमानात टिकणारे पदार्थ सिद्ध केले. त्या बळावर घड्याळे व गणकयंत्रे प्रथम बाजारात आली.

या इतिहासात विदर्भाशी जोडलेले एक नाव आहे, आणि त्याचा उल्लेख आपल्याकडे व्हावा तितका होत नाही. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी 1951 साली नागपूर विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील एम.एस्सी. ही पदवी प्रथम क्रमांकाने मिळविली. पुढे ते बंगलोरला आपले मामा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या संस्थेत संशोधनास गेले आणि 1954 साली नागपूर विद्यापीठानेच त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली. वऱ्हाडातील महाविद्यालये तेव्हा याच विद्यापीठाशी जोडलेली होती. अमरावतीचे स्वतंत्र विद्यापीठ 1983 साली झाले. तोपर्यंत द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखे लांबट असतात अशीच समजूत होती. 1977 साली चंद्रशेखर व त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक बनतात हे दाखवून दिले. पुढील काळात चकतीसदृश रेणूंचे पातळ थर पटलाच्या पृष्ठभागी बसवून तिरप्या कोनातून पाहताना येणारा दोष कमी करण्यात आला. म्हणजे घरातील पडदा बाजूला बसलेल्या माणसालाही नीट दिसू लागण्यात या शोधाचा अंश आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पटलावरील प्रत्येक चित्रबिंदू ही एक अतिशय पातळ कुपी असते. दोन काचांमधील अंतर काही सहस्रांश मिलिमीटर. तीत रेणू एका दिशेने रांगेत असतात. विजेचा दाब दिला की ते वळतात, दाब काढला की स्वतःच्या लवचिकपणाने पूर्वस्थितीस येतात. जाताना त्यांना वीज ढकलते, परतताना कोणी ढकलीत नाही; त्यामुळे जाणे व येणे यांस लागणारा वेळ सारखा नसतो. परतण्याचा वेळ द्रवाच्या चिकटपणावर आणि कुपीच्या जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो. जाडी निम्मी केली तर वेळ चतुर्थांश होतो. थंडीत द्रव घट्ट होतो व प्रतिसाद मंदावतो. पौषातील पहाटे आणि वैशाखातील दुपारी एकाच पटलाचा वेग एकच राहत नाही, हे जाहिरातीतील आकडे वाचताना लक्षात ठेवावे. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की, काळ्यावरून थेट पांढऱ्यावर जाण्यापेक्षा एका करड्या छटेवरून जवळच्याच दुसऱ्या करड्या छटेवर जाण्यास पुष्कळदा अधिक वेळ लागतो, कारण तेथे ढकलणारा दाब अल्प असतो. यावर उपाय म्हणून क्षणभर गरजेपेक्षा जास्त दाब देण्याची युक्ती निघाली. तिचा अतिरेक झाला तर वस्तूच्या मागे काळ्या सावलीऐवजी उजळ सावली पडते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी अनेक पटलांचा प्रतिसादकाल 25 मिलीसेकंद किंवा अधिक होता, म्हणजे चित्राच्या एका हप्त्याहूनही जास्त. कारखानदारांनी तो हळूहळू थोड्या मिलीसेकंदांवर आणला. अपेक्षा अशी होती की अस्पष्टता त्याच प्रमाणात जाईल. ती गेली नाही.

जपानमधील एनएचके या प्रसारण संस्थेत ताइइचिरो कुरिता यांनी शतकाच्या त्याच संधिकाळात याचे कारण विशद केले. रेणू क्षणार्धात वळले तरी पटल चित्राला पुढचे चित्र येईपर्यंत धरून ठेवते. डोळा मात्र थांबत नाही. धावत्या वस्तूचा पाठलाग करताना बुबुळ अखंड गतीने फिरते, कारण निसर्गातील वस्तू अशाच धावतात. पडद्यावरील वस्तू वीस मिलीसेकंद एका जागी थबकते आणि मग उडी मारते. त्या वीस मिलीसेकंदांत डोळा पुढे सरकलेला असतो, म्हणून दृष्टिपटलावर त्या वस्तूची प्रतिमा ओढली जाते. ही अस्पष्टता पडद्यावर कोठेच नसते. तो स्थिर कॅमेऱ्याने टिपला तर ती सापडत नाही. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यात घडते, आणि मोजावयाची झाल्यास कॅमेराही वस्तूबरोबर तितक्याच वेगाने सरकवावा लागतो.

बाणाचे उदाहरण आकड्यांनी पाहू. चित्राची रुंदी 720 बिंदूंची आहे व बाण ती दोन सेकंदांत ओलांडतो असे धरले, तर त्याचा वेग सेकंदाला 360 बिंदू होतो. चित्रनलिकेवर प्रत्येक हप्ता सुमारे एक मिलीसेकंद उजळतो. तेवढ्यात डोळा बिंदूच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच सरकतो, म्हणून कडा रेखीव दिसते. द्रवस्फटिक पटलावर तोच हप्ता वीस मिलीसेकंद टिकला तर कडा सात बिंदूंवर पसरते. आणि विषम व सम ओळींचे दोन हप्ते एकत्र बांधून एक अखंड चित्र केले, जसे जुने कार्यक्रम संगणकीय रूपात आणताना सर्रास केले जाते, तर ते चाळीस मिलीसेकंद टिकते. विस्तार चौदा बिंदूंचा होतो, आणि शिवाय दोन हप्ते वेगवेगळ्या क्षणांचे असल्याने कडेला कंगव्याचे दाते उमटतात. 2020 साली दिसलेली शेपूट ती हीच.

येथे एक भेद कटाक्षाने केला पाहिजे. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यामुळेही काही अस्पष्टता येते. ती ध्वनिचित्रफितीत नोंदलेली आहे. पडदा कोणताही असो, ती राहणारच. पडद्यामुळे येणारी अस्पष्टता, किंवा तिचा अभाव, मात्र कोठेही नोंदलेला नाही. फीत जतन केली म्हणजे कार्यक्रम जतन झाला असे ग्रंथालये व संग्रहालये मानतात. परंतु फितीत असतो तो केवळ संकेत. 1987 च्या प्रेक्षकाने जे पाहिले ते संकेत, नलिका व डोळा या तिघांच्या संयोगातून उत्पन्न झाले होते, आणि त्यातील मधला दुवा आज भंगारात जात आहे. ताम्रपटाचा ठसा प्रसिद्ध झाला तरी मूळ पत्र्याची जाडी, कडी व मुद्रा यांची नोंद घेण्याची शिस्त प्राच्यविद्येने लावून घेतली. चलत्प्रतिमेच्या बाबतीत ती शिस्त अद्याप आलेली नाही.

म्हणून अनुकृतीचा प्रश्न निव्वळ करमणुकीचा ठरत नाही, जरी त्याचा आरंभ करमणुकीत झाला हे खरे. 1989 साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे खेळयंत्र काढले. त्याचे पटल 160 गुणिले 144 बिंदूंचे, चार छटांचे व अतिशय मंद होते. या मंदपणाचा काही खेळकारांनी उपयोग करून घेतला. आकृती एका चौकटीत दाखवावयाची व दुसरीत लपवावयाची. पटल इतके सुस्त की दोन्ही मिसळून आकृती अर्धपारदर्शक भासे. तोच खेळ पुढे संगणकाच्या वेगवान पडद्यावर चालविला तेव्हा पारदर्शकता नाहीशी झाली आणि आकृती नुसती लुकलुकू लागली. दोष म्हणून जो काढला गेला तो कृतीचा भाग होता. आपल्याकडे 1990 नंतरच्या दशकात बाजारात व जत्रेत मिळणाऱ्या ‘ब्रिकगेम’च्या पटलावरही खाली पडणाऱ्या विटेमागे अशीच पुसट छाया रेंगाळे, त्या पिढीला ती आठवत असेल.

अनुकृतीची सर्वांत सोपी रीत अशी : प्रत्येक चौकटीला बिंदूने आपल्या इष्ट छटेपर्यंतच्या उरलेल्या अंतराचा ठराविक हिस्सा कापावा. हिस्सा निम्मा धरला तर पहिल्या चौकटीअखेर 50 टक्के, दुसरीअखेर 75, तिसरीअखेर 87.5 अशी वाटचाल होते आणि मागे विरत जाणारी छाया आपोआप उमटते. ही रीत सोयीची असली तरी खऱ्या पटलाशी पूर्ण जुळत नाही. जाण्या-येण्याचा वेग भिन्न असल्यामुळे काटेकोर अनुकृतीला आरंभीची छटा व अंतिम छटा यांच्या प्रत्येक जोडीसाठी मोजलेल्या काळाचे कोष्टक लागते, आणि ते कोष्टक खऱ्या, चालू स्थितीतील पटलासमोर प्रकाशमापक धरूनच मिळते.

पुष्कळ अनुकृतिकारांची याहूनही मोठी चूक निराळीच आहे. डोळ्याच्या पाठलागाने होणारी अस्पष्टता ते चित्रातच रंगवितात व ते चित्र आजच्या पटलावर दाखवितात. पाहणाऱ्याचा डोळा पुन्हा पाठलाग करतो व स्वतःची अस्पष्टता तीत मिळवितो. दोष दुप्पट मोजला जातो. खरी अनुकृती करावयाची तर अनुकृती दाखविणारा पडदा मूळ पडद्याहून वेगवान असला पाहिजे. मंद पटलाची नक्कल वेगवान पटलावर होते. उलट होत नाही. चित्रनलिकेचा एक मिलीसेकंदाचा चमकारा आजच्या पटलावर आणण्यासाठी एकतर सेकंदाला हजार चित्रे दाखविणारा पडदा हवा, नाहीतर मागचा दिवा क्षणभर पेटवून उरलेला वेळ विझवून ठेवण्याची सोय हवी. दुसरा मार्ग आज उपलब्ध आहे, पण त्यात उजेडाचा मोठा भाग वाया जातो. घरगुती संचात ही सोय असली तरी प्रेक्षक ती बंद ठेवतात, कारण दुकानात व घरात झगझगीत चित्रालाच पसंती मिळते.

मूकपटांच्या बाबतीत हीच अडचण पूर्वीपासून परिचित आहे. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ हाताने फिरविलेल्या यंत्रांच्या युगातील आहे. हाताने फिरविलेला वेग बोलपटाच्या 24 चौकटींहून सामान्यतः कमी असे. ती फीत पुढील काळातील यंत्रावर तशीच चालविली की पात्रे लगबगीने धावतात आणि एका पिढीला मूकपट म्हणजे हास्यास्पद हालचाल असे वाटू लागते. तेथेही वेग फितीवर लिहिलेला नव्हता. तो यंत्र चालविणाऱ्याच्या मनगटात होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांनी, 1964 साली स्थापना झाल्यापासून, फिती वाचविण्याचे मोलाचे काम केले. दूरचित्रवाणी संचांच्या वाट्याला तशी संस्था आली नाही. संच ही घरगुती वस्तू. ती बिघडली की भंगारवाल्याकडे जाते, आणि तिच्या काचेत शिसे असल्याने तिची विल्हेवाट लावणे हेच कर्तव्य ठरते.

तथापि काही मोजमाप अजून शक्य आहे आणि त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. सेकंदाला 240 चित्रे टिपणारा कॅमेरा आता अनेक भ्रमणध्वनींत असतो. कारंजा, रिसोड किंवा मानोरा येथे एखाद्या घरी चालू स्थितीतील जुना संच आढळल्यास, त्याच्या पडद्याचे असे मंदगती चित्रण केले असता उजेडाचा एक पट्टा वरून खाली सरकताना स्पष्ट दिसतो. पट्ट्याची उंची व त्याच्या मागचा उतार यांवरून, कॅमेऱ्याच्या उघडझापीचा वेळ वजा करून, लेप किती वेळात मावळतो याचा अंदाज येतो. सोबत संचाचा निर्माता, वर्ष, पडद्याचे माप, कृष्णधवल की रंगीत, आणि त्या वेळचा विजेचा दाब यांची नोंद करावी. लेपाचा प्रकार निर्मात्यागणिक बदलत असल्याने एका संचावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही. प्रत्येक संच स्वतंत्रपणे मोजावा लागतो.